घामाचा डाग न दिसणारे सोळा कोट

२ एप्रिल

सोळा कोट! एक नाही, दोन नाही, सोळा! बसवत नाही, उभ्यानंच लिहितेय, म्हणून अक्षर असं तिरकं आलंय.

सकाळी भाऊराव मास्तर स्वतः दुकानात आले. दुकान म्हणजे काय, घराची पुढची खोली. दारावर पाटी, 'समता लेडीज टेलर, फॉल-पिको करून मिळेल'. मास्तरांचा बँड नांदुऱ्यात सगळ्यांना माहीत. संघपाल बारा वर्षांपासून त्यांच्याकडे ट्रम्पेट वाजवतो. संघपाल म्हणजे माझा नवरा. तोंडानं मी 'अहो' म्हणते, पण डायरीत नाव लिहिलं, 'तो' म्हटलं, तर कोणाचं काय जातं? संघपाल, संघपाल, संघपाल. झालं.

मला वाटलं, मास्तर घरच्या बाईंचं ब्लाउज न्यायला आले. तर म्हणतात, "समता, बँडचे कोट शिवशीन काय?"

"म्या? मास्तर, मी ब्लाउजवाली हो!"

"ज्याले ब्लाउजच्या बाहीचा मुंढा जमते, त्याले दुनियेतलं सारं शिवता येते. लाल मखमल, सोनेरी लेस, उभी कॉलर. पण एक अट हाये. चार मेले धामणगाव बढ्याले भगवानरावच्या पोराचं लगन हाये. ड्रोन येणार हाये. मांगच्या वर्षी शूटिंगमदी आमच्या साऱ्याईच्या पाठीवर घामाचे नकाशे दिसत होते. पोट्टे व्हिडिओ पाहू पाहू हासले. औंदा घामाचा एक डाग दिसला नाई पाह्यजे. एक बी!"

"नाही दिसणार," मी म्हटलं. कसा नाही दिसणार ते मला काय ठाऊक! निघून गेलं तोंडातून.

हे कोट जमले तर मी ब्लाउजवाली राहत नाही. मलकापूर, खामगाव, सगळीकडचे बँडवाले विचारतील, कोणी शिवले बे? शाळेत बाई सांगायच्या, लिहिताना शुद्ध लिहा. तसंच लिहायचं ठरवलंय. पण आनंद झाला नाहीतर राग आला की माझं वऱ्हाडी भाईर येतेच, त्याले मी काय करू?

५ एप्रिल

मापं झाली. सोळा बाप्ये रांगेत आणि मी गळ्यात टेप घालून समोर. लेडीज टेलर माप घेणार म्हटल्यावर एकेकाचा चेहरा पाहण्यासारखा होता! मोठा ढोल वाजवणाऱ्या हरिओमनं पोट आत ओढलं ते सोडेचना. म्हटलं, "हरिओम भाऊ, पोट सोडा. वरातीत दोन घंटे असंच धरून ठेवसान काय?" सारे खो खो हसले, मग कुठे मोकळे झाले.

संघपालचं माप टेप न लावताच लिहिलं. छाती अडतीस, बाही चोवीस. मास्तर म्हणाले, "वा रे वा!" आणि संघपाल कानापर्यंत लाजला.

९ एप्रिल

जमत नाही. मखमलीचे तुकडे कापून आतून मिठाचं पाणी शिंपडतेय. दर वेळी बाहेर काळा डाग. सुती अस्तर लावलं, तर ते स्वतः पाणी पितं आणि मखमलीलाही पाजतं. दुहेरी लावलं, तर तोच डाग दहा मिनिटं उशिरा.

आई (माझ्या सासूबाई, सिंधूताई) पाहून म्हणाल्या, "घाम हाये तो, येईनच. त्याले काय नोटीस देतं काय?"

त्यांना हसू येतंय, मला रडू येतंय. मास्तरांना शब्द देऊन बसले ना मी!

१२ एप्रिल

सापडलं!!!

छत्री! आई बाजारात जाताना उन्हाला काळी छत्री नेतात. तिचा टाका उसवला होता म्हणून मांडीवर घेतली. ओला हात लागला तर थेंब घरंगळून खाली, कापड कोरडंच्या कोरडं. मी पाच मिनिटं नुसती त्या छत्रीकडे पाहत बसले. मग तशीच चप्पल घालून पेठेत पळाले आणि छत्रीचं कापड घेऊन आले.

पातळ, हलकं. मखमलीच्या आत लावलं तर कोणाच्या बापालाही कळणार नाही. अस्तराची पिशवी शिवली, तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि खुंटीला टांगली. एक घंटा झाला, खाली एक थेंब नाही! शेजारच्या जनकाबाईला हाताला धरून आणलं आणि दाखवलं. ती म्हणे, "बाप्पा! तू तं इंजिनिअर झाली वं."

मी घामाला म्हटलं, आता निघ बरं कुठून निघतोस ते.

१४ एप्रिल

जयंती. मशीन बंद. निळी साडी नेसून मिरवणुकीत दोन घंटे चालले, घसा बसला. मास्तरांचा बँड अजून जुन्याच कपड्यांत, पाठींवर हे एवढे मोठे डाग. मनात म्हटलं, घ्या दाखवून, शेवटचीच पाळी आहे.

१९ एप्रिल

पहिला कोट तयार! संघपालचाच. कसला देखणा दिसतो त्यात, काय सांगू! अकरा वाजता अंगणात उभं केलं आणि म्हटलं, एक घंटा वाजवा, पायही हलवा, वरातीत हलवता तसे.

अर्धा घंटा झकास. मग कुरकुर सुरू झाली. डोकं दुखते, कॉलर ढिली कर. आई ओट्यावरून म्हणाल्या, "अवं, त्याचं तोंड पाह्य, लाल भडक झालं." म्हटलं, लाल मखमलीची झाक पडते तोंडावर.

घंटा झाला आणि कोट काढला. बाही उलटी केली तर घामाची धार लागली! मी खाली वाटी धरली. अर्धी वाटी भरली, खोटं नाही सांगत. आणि बाहेरून? कोरडा! एक डाग नाही! मी टाळ्या वाजवत होते आणि संघपाल नळाखाली डोकं धरून बसला होता.

२० एप्रिल

भांडण झालं. म्हणतो, "मले त्याच्या अंदर वाफवल्यासारखं वाटते."

नवी चप्पल नाही का चावत? तसा नवा कोट. वापरला की अंगाला बसेल. बारा वर्षं लोक याच्याकडे पाहत होते, आता माझ्या शिवणाकडे पाहतील, ते पचत नसेल. पुरुषाची जात! मी मशीनचं चाक फिरवलं.

२६ एप्रिल

सात कोट झाले. मशीनला तेल घालते आणि पुन्हा बसते. इतकं सुख मला कधी झालंच नव्हतं.

आज संघपालला कोट घालून स्टेशनपर्यंत जाऊन यायला सांगितलं, चालताना खांद्यात ओढतो का पाहायला. बाराच्या सुमाराला आला तर आमचं दार ओलांडून सरळ पुढे! हाक मारली तेव्हा वळला. मला म्हणतो, "अनुपमा, पानी दे." अनुपमा त्याची बहीण, ती असते अकोल्याला. मला संशय आला. जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. नाही, तसं काही नव्हतं. दुपारी उलटी केली. ठेचा जास्त खाल्ला असेल सकाळी. खांद्यात मात्र कोट बिलकुल ओढत नाही.

३० एप्रिल

सोळाच्या सोळा! अंगणात दोरीवर टांगलेत, रस्त्यानं जाणारे थांबून पाहतात.

उपकेंद्रातल्या मंजुश्री मॅडम ब्लाउज न्यायला आल्या. नर्सिंग शिकलेल्या आहेत, पुण्याकडच्या, पण माझ्याशी बहिणीसारख्या वागतात. कोटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काय सुरेख केलंयस गं! पण एवढा जाड कोट, मे महिन्यात? आतून काय लावलंस?"

"ते धंद्याचं गुपित आहे मॅडम," मी ऐटीत म्हटलं.

त्या हसल्या. "बरं बाई. नंबर आहे ना माझा? लागलं तर फोन कर."

कोट शिवायला फोन कशाला लागेल? भोळ्या आहेत.

५ मे, बुलढाणा, दवाखाना

संघपाल जिवंत आहे. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

झोपलाय. हाताला सलाईन आहे. सकाळी डोळे उघडून मला नावानं हाक मारली. मी आतापर्यंत तीनदा बाहेर जाऊन रडून आले. आता बाकावर बसून लिहितेय, नाहीतर डोकं फुटेल.

काल वरात साडेअकराला निघाली. ऊन चव्वेचाळीसचं. सोळा लाल कोट दोन रांगांत, सोन्याची लेस चमकते, वर ड्रोन घोंगावतो. बायका एकमेकींना दाखवत होत्या. मी पिशवीत सुई-दोरा, बटणं, कात्री घेऊन बाजूनं चालत होते, आणि खरं सांगते, माझे पाय जमिनीला लागत नव्हते. एकाच्याही पाठीवर डाग नव्हता. वरात चौकाचौकात थांबे, पोरं नाचत आणि 'अजून एक, अजून एक' करत. घंटा झाला, सव्वा घंटा झाला.

मग ट्रम्पेट चुकली. सगळे नाचायचं गाणं वाजवत होते आणि संघपालनं नवरीच्या पाठवणीचं सुरू केलं. लोक हसले. मीही हसले. मी हसली, माय! मग तो रांग सोडून उलटा चालू लागला, वावराच्या दिशेनं. मी धावत जाऊन हात धरला. हात असा तापलेला की इस्त्रीला बोट लागल्यासारखं झालं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला,

"तुमी कोन?"

अन् तो खाली पडला. 

मंग मले काय झालं मले ठाव नाई. लोक जमले. कोणी म्हणे कांदा हुंगवा, कोणी म्हणे चादर टाका, कोणी तोंडात पानी ओतून राह्यला. म्या मंजुश्री मॅडमले फोन लावला. त्या ओरडल्याच: "तोंडात काही घालू नका! कोट काढ, समता, आत्ता! अंगावर पाणी टाक, वारा दे, बर्फ काखेत, मानेला. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. आधी थंड, मग दवाखाना!"

गुंड्या निघेनात. माझ्याच हातचे पक्के काज! पिशवीतून कात्री काढली आणि कॉलरपासून खालपर्यंत सरळ कापत गेले. कोट उघडला तशी आतून वाफ आली, इडलीचं भांडं उघडल्यावर येते तशी. तेव्हा मला कळलं. त्याच घडीला कळलं मी काय शिवलं होतं ते.

हरिओमनं त्याला एकट्यानं उचललं आणि मांडवात नेलं, मोठ्या जंबो कूलरसमोर. मठ्ठ्याच्या पिंपातला बर्फ काढून काखेत ठेवला, जारच्या जार अंगावर ओतले. पाणी टाकायचं, वारा लागू द्यायचा, पुन्हा पाणी. मी नाव घेऊन हाका मारत होते, चारचौघांत, संघपाल, संघपाल! वीस मिनिटांनी त्यानं पाय हलवला.

मान वर केली तर पंधरा लाल कोट माझ्याभोवती उभे. पंधरा लाल तोंडं. हरिओम खांबाला टेकून कारण नसताना एकटाच हसत होता.

"कोट काढा!" मी ओरडले. "साऱ्याईनं! आत्ता!"

मास्तर म्हणाले, "अवं समता, वरात अर्ध्यात हाये, ड्रोन..."

"मास्तर, गुंड्या तुमी सोडता का मी कापू?" आणि मी वाट पाहिलीच नाही. त्यांच्या कॉलरीला कात्री लावली. महिनाभर जीव ओतून शिवलेली उभी कॉलर, टर्रकन गेली. मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःच कोट खांद्यावरून फेकला आणि बाकीच्यांवर खेकसले, "पाहून काय राह्यले बे? काढा!"

तेवढ्यात भगवानराव धावत आले. मला वाटलं, आता शिव्या देतात. त्यांनी संघपालकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि मंडपवाल्याला हाक मारली, "सारे कूलर इकडं फिरवा! पाहुणे बसतीन घंटाभर उकाड्यात, कोणी मरत नाई!"

मग गाडी आली. आम्ही निघालो तेव्हा मागून क्लॅरिनेट ऐकू आली. पंधरा जण मांडवाच्या सावलीत, ओल्या बनियनवर, बसून वाजवत होते. ड्रोननं ते सगळं टिपलं म्हणे.

दवाखान्यात ताप मोजला तेव्हाही एकशे चार. डॉक्टर म्हणाले, "जागेवर थंड केलं म्हणून आला इथपर्यंत. कोणी सुचवलं?" मी मंजुश्री मॅडमचं नाव सांगितलं. कोणी तापवलं ते त्यांनी विचारलं नव्हतं.

८ मे

घरी आलो. मंजुश्री मॅडम भेटायला आल्या. मी कापलेला कोट त्यांच्यासमोर ठेवला, छत्रीचं अस्तर वर करून. त्यांनी बोट फिरवलं आणि त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहिला.

"मॅडम, घाम तर येत होता," मी म्हटलं. "वाटीभर येत होता. घामानं अंग थंड होते ना?"

"घाम येऊन काही होत नाही समता. तो उडाला पाहिजे. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. वाळला नाही तर नुसतं खारं पाणी."

कूलर! गवताच्या ओल्या ताट्यांतून वारा गेला तर गार, ताट्या प्लास्टिकनं झाकल्या तर कूलर काय करेल? आणि माठ! माठाला कोणी ऑइलपेंट देतं का? मी दिला. सोळा माठांना दिला. हे सगळं मला माहीत होतं, माय, माझ्या घरात कूलर आहे, माठ आहे. पण माणसाच्या अंगाला मी तो हिशोब लावलाच नाही.

मग मी त्यांना सोडेचना. विचार विचार विचारलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी थक्क! मेंदूच्या तळाशी बदामाएवढी जागा असते. ती बसून रक्ताचं माप घेते, रात्रंदिवस. टेलरच की! अंग तापलं की कातडीतल्या रक्ताच्या नळ्या सैल करते, रक्त बाहेरच्या बाजूला येतं, म्हणून तोंड लाल. थंडी वाजली की त्याच नळ्या घट्ट करते, म्हणून हात गार पडतात. तरी भागलं नाही तर मांस थरथरवते, त्यालाच आपण कुडकुडणं म्हणतो. जन्मापासून मरेपर्यंत माप ठरलेलं, अठ्ठ्याण्णवच्या आसपास, एखादा दोरा इकडे-तिकडे. एवढी कारागिरी आपल्या डोक्यात चालू असते आणि आपल्याला पत्ता नाही!

"पण बाहेर चव्वेचाळीस असलं ना," मॅडम म्हणाल्या, "तर वारा अंगापेक्षा गरम. मग नळ्या सैल करून उपयोग नाही, उलट बाहेरची उष्णता आत येते. तेव्हा एकच दार उरतं, घाम वाळण्याचं."

आणि त्या दाराला मी शिवण मारली. त्या म्हणाल्या नाहीत, मीच म्हटलं.

"कळायचं कसं मॅडम? पडायच्या आधी?"

"डोकं दुखतं, उलटी होते. मग माणूस चिडतो, बरळतो, पाठ असलेलं विसरतो, ओळखीचं माणूस ओळखत नाही. मेंदूच तापतो ना."

त्या गेल्यावर ही डायरी उघडली. एकोणीस एप्रिल वाचलं. वीस एप्रिल. सव्वीस वाचताना हात थांबला. सगळं लिहिलंय, माझ्याच अक्षरात, एकही खूण सुटली नाही. आणि खाली काय लिहिलंय? खांद्यात कोट ओढत नाही!

संघपालला सगळं वाचून दाखवलं. ठेच्याचंही. तोंडाचा वास घेतल्याचंही. 'पुरुषाची जात'ही सोडलं नाही. तो छताकडे पाहत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मले वाटलं होतं, तू लय खुश हायेस, आपण काऊन मोडता घालाव. म्हणून मंग बोल्लो नाई."

मी त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडले. तो म्हणे, "पण डाग दिसला नाई, हे खरं हाय वं." त्याला मारावं की मिठी मारावी, कळेना.

डॉक्टरांनी महिनाभर वाजवायला मना केलंय. एकदा असं झालेल्या माणसाला उन्हाचा भरवसा लवकर येत नाही म्हणे. पुढे तपासून सांगतील, हो म्हणतीलच असंही नाही. तो ट्रम्पेट पुसतो आणि पेटीत ठेवतो. दिवसातून चारदा पुसतो.

१५ मे

मास्तर आले. मी मशीनवर कापड टाकून ठेवलं होतं, दहा दिवस हात लावला नव्हता. वाटलं, आता ऐकवतात.

ते बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "डाग नको, हे म्याच म्हटलं होतं. तुह्या एकटीचं नाई ते. चाळीस वर्षं मी कोट घालून राह्यलो, दरसाली कोणी ना कोणी पडते. आमी म्हनतो, बाहेरची बाधा झाली, नाईतर उपाशी होता. पानी तर आमी पीतच नाई वरातीत. फुंक फुटते म्हनतात, अन् मंधात लघवीले जायाची पंचाईत." थोडं थांबले. "नवे शिव. डाग दिसू दे."

"मास्तर, मी?"

"मंग कोन? दुसऱ्या टेलरले काय मालूम अंदर काय होते ते?"

ते गेले आणि पाच मिनिटांत मी कापड बेतायच्या फळ्यावर होते, खडू हातात! आमच्या नांदुऱ्यात कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात आणि मी माणसांना छत्री नेसवली होती! आता पातळ सुती कापड. अस्तर नाही म्हणजे नाही. अंगापासून चार बोटं सैल. बगलेत जाळीची कळी, म्हणजे तिकोनी तुकडा, पाठीवर आडवी झडप, खालून वारा शिरेल आणि वरून निघेल. कॉलर उघडी. रंग पांढरा, लाल फक्त खांद्यावर. डोक्यात इतकं एकदम येतंय की लिहिणं मागे पडतंय, जाते.

२३ मे

या वेळी नमुना मी स्वतः घातला. आधी दुसऱ्यावर प्रयोग, हे आता बंद.

मंजुश्री मॅडम थर्मामीटर घेऊन ओट्यावर सावलीत, मी अंगणात, गळ्यात हरिओमचा ढोल! सकाळचे दहा. काय बडवला, काय बडवला! जनकाबाईची पोरं नाचायला आली. आई म्हणाल्या, "घराची लक्ष्मी ढोल बडवून राह्यली, पाहा बाप्पा!" दर दहा मिनिटांनी मॅडम थांबवून ताप पाहायच्या आणि माझं नाव-गाव विचारायच्या. पाऊण घंट्यानं शंभरच्या खाली! सदरा पाठीला चिकटला होता, बगलेपासून कमरेपर्यंत डागच डाग. जाळीतून वारा शिरला की अंगावर शहारा येई.

संघपाल खाटेवरून पाहत होता. म्हणाला, "ताल चुकला तुहा." बरा होतोय माणूस.

मॅडमनी लिहून दिलंय, ते मास्तरांनी मान्य केलं: भर दुपारी वरात नाही. तीन गाणी झाली की पाणी. आणि थांबायचं कधी ते बँडसोबत चालणारी बाई ठरवेल. ती बाई मी.

२ जून

बुलढाण्याला तपासणी. डॉक्टरांनी त्याला चालवलं, जिने चढवले, पुन्हा तपासलं. म्हणाले, संध्याकाळी, थोडं थोडं, कोणीतरी जवळ असेल तर वाजवा. बसभर त्याची बोटं गुडघ्यावर चालत होती, ट्रम्पेटच्या कळांवर चालतात तशी. मीच घाबरलेय. नको म्हणावंसं वाटतं. पण कोणत्या तोंडानं म्हणू?

८ जून

संग्रामपूरहून आत्ता परत आलो. झोप येणं शक्य नाही, लिहूनच काढते.

वरात सहाला निघाली. सोळा पांढरे सदरे. दुसऱ्या गाण्यालाच सगळ्यांच्या पाठी भिजल्या आणि कॅमेरावाला मास्तरांना म्हणाला, "काका, डाग दिसून राह्यले." मास्तर म्हणाले, "दिसू दे, जित्या माणसाईचे हायेत."

संघपाल डावीकडून तिसरा. पहिली फुंक मारली तेव्हा माझे डोळे मिटले गेले. सूर लागला. स्वच्छ लागला! मी त्याच्या तोंडाकडे पाहत उलटी चालत होते, दोनदा ठेच लागली.

तिसरं गाणं संपलं आणि मी हात वर केला. बँड बंद. घोड्यावरचा नवरदेव, नाचणारे पोट्टे, सगळे जागच्या जागी. नवरदेवाचा मामा तावातावानं आला, "काऊन थांबले बे? मुहूर्त हाये!" मास्तरांनी क्लॅरिनेट माझ्या दिशेनं केली. "बाईनं हात वर केला. आता पानी पेल्याबिगर सूर निघत नाई." मी मामाच्या हातातही ग्लास दिला. प्याला बिचारा.

मी संघपालजवळ गेले. "नाव सांगा माझं."

"समता."

"गाव?"

"नांदुरा. अन् सासऱ्याचं नाव बी सांगू काय?"

माझा विश्वास बसेना. भर वरातीत मी त्याच्या सदऱ्याच्या मागून हात घातला आणि उघड्या पाठीवर ठेवला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हरिओमनं दुसरीकडे तोंड फिरवलं. संघपाल कुजबुजला, "काय करून राह्यली वं? रस्ता हाये हा."

पाठ चिंब होती. तेवढ्यात सातपुड्याकडून वाऱ्याची झुळूक आली, झडपेतून आत शिरली आणि माझ्या तळहाताखाली त्याची पाठ गार होत गेली.

"समता, वाजवू काय?" मास्तर विचारत होते.

"थांबा जी," मी म्हटलं आणि हात तसाच ठेवला.